तापीबाईची पेन्शन

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला, आणि बाप माझा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा, त्यामुळे शाळा माझी तिसरीपर्यंत झाली, आणि तीबी मास्तर घरी येऊन ओढून न्यायचे म्हणून. पण सही येते मला, बरं का. अंगठा मी आजवर कुठं लावला नाही. धुळ्याला फौजेची भरती निघाली तेव्हा घरी न सांगता गेलो, छाती दोन बोटं कमी भरली, तर साहेबाला म्हटलं परत मोजा, मघाशी मी श्वास सोडला होता. साहेब हसला, परत मोजलं, भरली. माणसानं अडून बसावं, काय सांगू तुम्हाला, अडून बसल्याशिवाय मला आयुष्यात काही मिळालं नाही, आणि हा जो घोटाळा सांगतो तोबी अडून बसल्यानंच झाला.

दोन वर्षांनी सुट्टीत लग्न झालं. पोरगी पिंपळनेरकडची. आमच्यात नवरीचं नाव बदलायची रीत, ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीनं त्यात नवं नाव काढायचं. बापानं नाव ठरवलं तापी. कारण बापाची आई तापी, तिनं दुष्काळात लोकांची दळणं दळून पोरं जगवली, तर तिचं नाव घरात राहावं असं बापाच्या मनात. तांदळात नाव काढलं, सगळ्यांनी गूळ खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी माय चुलीपासून नव्या सुनेला हाक मारायला गेली आणि तोंड उघडं ते तसंच राहिलं. का, तर तापी म्हणजे तिची सासू, आणि सून सासूचं नाव घेत नाही, सासू मरून गेली तरी घेत नाही. बाप म्हणे घे आता, ती म्हणे मन्ही जीभ झडी जाई. तीन दिवस नुसतं ओ पोरी, ओ पोरी चाललं, चौथ्या दिवशी मायनं माहेरचं नाव उचललं, ते आजतागायत तेच. तांदूळ तर त्याच दिवशी शिजवून खाल्ले होते, त्यामुळे पुरावा काही राहिला नाही.

ते माहेरचं नाव मी इथं घेत नाही, पुढं येईल. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिनं माझं घ्यायचं नाही, ती मला रेखाना बाप म्हणते, मी तिला रेखानी माय. रेखा आमची एकुलती एक, जळगावला दिली.

तर सुट्टी संपवून पलटणीत गेलो. तिथं क्लार्क हवालदार, उत्तरेकडचा, म्हणाला शादी हो गई, बीवी का नाम बोल, कागदावर चढवायचंय. मी गप्प. परत म्हणाला बोल, मी गप्प. तो म्हणे अरे भूल गया क्या, सगळी बरॅक हसायला लागली. मी मान खाली घालून उभा, पण तोंड उघडलं नाही. शेवटी बापाचं पत्र खिशात होतं, मास्तरांकडून लिहवलेलं, त्यात सौभाग्यवती तापी खुशाल आहे असं होतं, ते काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं एक मराठा शिपाई बोलवून वाचून घेतलं आणि लिहून टाकलं. झालं. मला काय ठाऊक, की हे एक नाव एवढ्या वर्षांनी उठून माझ्या दारात येईल.

सतरा वर्षं नोकरी केली, बर्फात डाव्या पायाची दोन बोटं ठेवून आलो, नाईक म्हणून घरी आलो. पेन्शन सुरू झाली. आधी बँकेच्या पुस्तकात शाईनं लिहून यायची, मग छापून यायची, मग एक हुद्दा एक पेन्शन असं निघालं, म्हणजे मागून सुटलेल्या नाईकाला जास्त आणि आधी सुटलेल्याला कमी हे बंद. ते बरं झालं, थंडी सगळ्यांना तीच होती. आता म्हणे नवीन भरतीत पुष्कळशा पोरांची नोकरीच चार वर्षांची, पेन्शनच नाही. मला सारखं वाटतं, त्यांच्या बायकांची नावं कुठं लिहीत असतील, का लिहीतच नसतील. कोणाला विचारलं तर हसतात.

मग सगळ्यांची पेन्शन कॉम्प्युटरवर गेली. बँकेनं सांगितलं, हयातीचा दाखला आता मशीनवर. पारोळ्याला सेंटरवर गेलो, बाई म्हणाली आबा अंगठा ठेवा. मी म्हटलं अंगठा मी लावत नाही. ती हुशार, म्हणाली मग डोळा दाखवा. डोळा दाखवला. मशीननं सांगितलं मी जिवंत आहे. मी म्हटलं बाई, याला अजून काय काय ठाऊक आहे माझं, माझी बोटं गेली ते आहे का यात, बर्फ आहे का? तिनं पडदा फिरवला, म्हणाली नंबर आहे, हुद्दा आहे, पत्नी तापीबाई आहे. शेजारी आमची ही बसलेली. बाई म्हणाली आजी तुमचं आधार द्या. दिलं. तिनं आधार बघितलं, पडदा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली आबा, या कोण?

घ्या आता. बाई म्हणाली तुम्ही आहात तोवर काही नाही, पण तुमच्यामागं आजींना पेन्शन लागायची तर ती तापीबाईंना लागेल, आणि या तापीबाई नाहीत.

घरी येऊन मी म्हटलं सोपं आहे, आधारवर तापी करून घेऊ. आमची ही भाकरी थापत होती, म्हणाली मी काय तुम्हनी आजी शे का? जलमले ऊनू तवयपासून एकच नाव शे मन्ह, तेच लिसन जासू, म्हणजे मरताना तेच घेऊन जाणार. मग रेखा फोनवर म्हणाली बाबा, तुमच्याच कागदात दुरुस्ती करा, स्टॅम्पपेपरवर लिहून द्या की दोन्ही नावांची बाई एकच. मी म्हटलं पलटणीत लिहिलेलं मी खोडणार नाही, मी खोटं सांगितलं नव्हतं, बापानं ठेवलेलं नाव होतं. अशी दोघंबी अडून बसलो. महिना गेला, दोन गेले.

पण मला एक चाळा लागला. बसल्या बसल्या मी त्या तापीबाईचा विचार करायचो. कॉम्प्युटरमध्ये एक बाई माझ्याशी लग्न करून बसलीय, इतकी वर्षं. ती कधी शेतात गेली नाही, तिनं माझा पाय चोळला नाही, आणि माझ्यामागं सगळं तिलाच. कसं काय?

अशात वरणगावच्या निंबाची बायको आली. निंबा माझ्याच पलटणीतला, मागल्या उन्हाळ्यात गेला. वहिनीचंबी तसंच, लग्नातलं नाव एक, आधारचं एक. ओट्यावर बसली, पाणी प्याली, म्हणाली भाऊ, वर्ष होत आलं, ज्या खिडकीवर जाते तिथं विचारतात तुम्ही कोण. ज्यांनी सांगायचं ते तर गेले. एवढंच म्हणाली, रडली नाही. आमची ही दारात उभी होती, आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कोट घातला, मेडल लावली, म्हटलं रेखानी माय, चाल.

जळगावला माजी सैनिकांच्या ऑफिसात एक रिटायर सुभेदार बसतात, भला माणूस. म्हणाले आबा, कागद तयार करू, पण आधी तुमच्या तोंडानं सांगा, मी लिहून घेतो. सवयीनं सावधान उभा राहिलो. नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, पलटण सांगितली, धाड धाड धाड. म्हणाले पत्नीचं नाव? परत तीच बरॅक, तीच मान खाली. हात खिशाकडं गेला. खिशात पत्र नव्हतं आता, बाप नव्हता. शेजारी बघितलं तर आमची ही माझ्याकडं टक लावून बघत होती, अशी तर ती लग्नातबी बघत नव्हती.

म्हटलं, गोजर. साहेब, गोजरबाई. हीच माझी बायको, दुसरी कोणी नाही.

सुभेदारांनी लिहिलं. ही पदर तोंडाला लावून हसत होती, म्हणाली इतला वरीस लागनात का हो मन्ह नाव लेवाले? म्हटलं गप बस, आफिस शे हाई.

सही केली, तिचा अंगठा लागला, दोघांचा फोटो काढला. कागद आता पुढं गेलाय, कधी येईल ते कागदालाच ठाऊक. आल्यावर वहिनीला घेऊन मी स्वतः जाणार आहे त्याच ऑफिसात, निंबाच्या वतीनं सांगायला कोणीतरी हवा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर बसेन तिथंच, बसायला मला येतं. आणि ती तापीबाई, माझी आजी हो, दुष्काळात दळणारी, तिला एवढी वर्षं सरकारनं कागदावर उभं ठेवलं. आता सुटली ती. तुम्हीबी लेकराबाळांत सुखी राहा, आणि घरी गेल्यावर बायकोला एकदा नावानं हाक मारून बघा, काय होतं ते मला येऊन सांगा. आमच्याकडं तर काही झालं नाही. फक्त दुसऱ्यांदा मारली तेव्हा ती म्हणाली, पुरे.