हर्बेरियमवर मारलेलं पाणी

(गारखेड्यातला कय्युमभाईंचा भाजीचा गाळा. सकाळचे आठ.)

आफरीन : अब्बा, माझ्या हर्बेरियमवर पाणी कुणी मारलं?

कय्युम : मीच. पार सुकलं होतं सगळं. अकराला तुझं बॉटनीचं प्रॅक्टिकल. असला माल कोण घेईल?

आफरीन : सुकवलेलंच द्यायचं असतं. एकेक रोप महिनाभर रद्दीत दाबून सुकवलं, मग कागदावर चिकटवलं होतं मी.

कय्युम : भाजी सुकवायचे मार्क देतात? मग आपला रोजचा उरलेला माल पदवीधर हाय म्हण.

आफरीन : हसू नका. लेबलांची शाई पसरलीये. असं ओलं नेलं तर बाहेरचे परीक्षक हात लावणार नाहीत. वर्ष जाईल माझं.

कय्युम : …वांगी उचल तिथली. ऊन तिथंच येतं. मी कागद पसरतो, तू नवीन लेबलं लिही. बोल, ही कोथिंबीर.

आफरीन : कोरिअँड्रम सटायव्हम.

कय्युम : लसूण?

आफरीन : अ‍ॅलियम सटायव्हम.

कय्युम : आडनाव तेच. भात?

आफरीन : ओरायझा सटायव्हा. काकडी, क्युक्युमिस सटायव्हस.

कय्युम : शेपूट बदलायलंय. घाईत चुकायलीस तू.

आफरीन : नाही. लॅटिन विशेषण आहे ते, नामाप्रमाणे बदलतं. पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. मराठीत नाही का?

कय्युम : उर्दूत दोन लिंगांत भागतं. मग काकडी ‘पेरलेला’?

आफरीन : लॅटिनमध्ये ती पुरुष आहे.

कय्युम : गिऱ्हाइकांना सांगू नको. …ओ ताई, ती कागदावरची कोथिंबीर ठेवा. ती नाय विकायची. परीक्षेला बसलीये ती.

आफरीन : गेल्या का त्या?

कय्युम : गेल्या. माझ्याकडं बघत गेल्या. पण सगळ्यांना पेरलेलंच का म्हणायचं?

आफरीन : सेरेरे म्हणजे पेरणं. त्यावरून सटुस, पेरलेला. त्यावरून सटायव्हस. जे आपोआप उगवत नाही, माणूस मुद्दाम लावतो, ते. हे हमखास विचारतात.

कय्युम : येतंय की तुला. (साडेनऊला, कागद चाचपत) घे, वाळलं बघ. कोथिंबिरीखालचा हा डाग मात्र नाय जायचा. लई मोठाय.

आफरीन : राहू द्या.

कय्युम : विचारलं तर?

आफरीन : सांगेन, पेरलेलं आहे. पाणी घालणारा कुणीतरी असणारच.