कुरुविनेंदलची ओ

आधी मला सांगा, या खुर्च्या कोणी मागवल्या? परमकुडीहून टेम्पो भरून आल्या, शाळेच्या अंगणात रांगा लावून मांडल्या, आणि त्यांवर बसलंय कोण? पुढे बाईंचे चार जुने विद्यार्थी, तेही संध्याकाळच्या बसनं जाणारे, आणि मागे नुसतं ऊन. मागवणाऱ्याला वाटलं असेल, गाव अजून भरलेलं आहे. मला विचारलं असतं तर एका सतरंजीत भागलं असतं.

असो, रीत आहे म्हणून म्हणते. सभेचे अध्यक्ष आणि तिरुप्पूरच्या कुरुविनेंदल मंडळाचे प्रमुख श्रीमान मुत्तुरामन, जे माझ्याच पोटचे आहेत. शिक्षण खात्याचे साहेब, ज्यांचं नाव मला सांगितलं होतं आणि मी विसरले. ज्यांना शाल घालून आज आपण वाटेला लावणार त्या या शाळेच्या एस्तर बाई. समोरची चार मंडळी, आणि खुर्च्यांनो, नमस्कार.

मला सांगितलंय, "अम्मा, गावाच्या इतिहासावर दोन शब्द बोल." मी दुसरीपर्यंत शिकलेली. सासूनं सांगितला तेवढाच इतिहास माझ्यापाशी आहे.

किनाऱ्याकडून मिठाचे बैल घेऊन वर जाणारा एक तांडा होता. इथं तेव्हा वेडी बाभूळसुद्धा नव्हती, ताड आणि पांढरी माती. तांड्यातल्या एका सुनेचे दिवस भरले. मिठाला पावसाचं भय, बैल थांबवता येईनात. बाकीचे म्हणाले, "तुम्ही सासूसुना थांबा, आम्ही विकून येतो." दोघी एका पाणथळ खड्ड्याशेजारी राहिल्या. सासू रोज दिवेलागणीला मातीच्या ढिगावर उभी राहून वाटेकडे हाक मारायची, "आहात का?" परतणारे अंधारात चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. तांडा परत आलाच नाही. त्यांना दुसरी बरी जागा मिळाली असेल. माणसं असंच करतात. पण एका संध्याकाळी ओ आली, ती भलत्याच माणसाची. ताडावर चढणारा कोणी, बायकोसह वाट चुकलेला. "आहोत," म्हणाला, आणि राहिला. गाव वसलं ते असं.

पुढे खड्ड्याचं तळं झालं, ढिगाचा बांध झाला. तेव्हापासून आमच्या घरातली थोरली बाई बांधावरून हाक देते आणि घराघरातून एकेक ओ येते. घर कोणीही बांधावं, जागेचा पट्टा सरकार देतं, पण ओ दिली त्या दिवसापासून माणूस गावचा. सोडून जाणाऱ्यानं आपली ओ शेजाऱ्याच्या तोंडी ठेवून जायचं. तशी न ठेवता गेला, तर वेशीवरच्या राखणदार अय्यनार देवापुढे त्याच्या घराचा मातीचा घोडा मांडत नाहीत. आणि हाक देणारीनं स्वतः ओ द्यायची नाही. तो वेडेपणा झाला.

ज्यानं पहिली ओ दिली त्या ताडावर चढणाऱ्याच्याच नातवंडांची ओ पुढे आमच्या वरच्या गल्लीला कितीतरी काळ ऐकू येत नसे. कान सगळ्यांचे धड होते. साहेब, इतिहास लिहाल तर हेही घाला.

एस्तर बाई आल्या, त्या पहिल्याच संध्याकाळी माझी हाक ऐकून त्यांना वाटलं, मी त्यांचीच चौकशी करतेय. शिकलेली माणसं, विचारलं की उत्तर देणार. पायरीवर येऊन ओरडल्या, "आहे, अम्मा, आहे!" गाव हसून लोळलं. माझा नवरा म्हणाला, "अडकलात, टीचर. ओ दिलीत, आता गावच्या झालात."

"मग गावच्या माणसाला चुलीसाठी लाकडं कोण देतं ते सांगा," बाई म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं, हिच्याशी जमेल.

मग पाऊस हटला, मिरची जळली, तिरुप्पूरच्या बनियन कारखान्याची बस थेट गल्लीपर्यंत येऊ लागली. एकेक घर ओ शेजारी ठेवून गेलं. शेजारीही गेला, तो पुढच्याकडे ठेवून. अध्यक्षांनी नवं घर बांधलं, चकचकीत फरशी घातली, एक पावसाळा ओ दिली आणि कुलूप लावलं. जाताना म्हणाले, "टीचर, आमची तेवढी बघा." मांजराला दूध घालायला सांगावं तसं. मी तिथंच उभी होते. आता मला तिरुप्पूरला चल म्हणतात. जाऊन पाहिलंय. तिथं हाक मारली की वरच्या मजल्यावरचे खिडकी लावून घेतात.

आता गावात राहतो आम्ही दोघी. मी बांधावरून हाक देते, बाई शाळेच्या पायरीवरून घराघराची ओ देतात. पेरियस्वामीच्या घराची जाड आवाजात, कारण तो तसाच बोलायचा. एकदा त्यांना ताप होता. ओ आली नाही. मी बराच वेळ उभी राहिले. घरी आले, चूल पेटवली नाही. त्याबद्दल याहून जास्त बोलायचं नाही.

काल बाई म्हणाल्या, "अम्मा, उद्या मी बहिणीकडे पाळैयंकोट्टैला. एवढ्या ओ कोणाच्या तोंडी ठेवू?"

"माझ्या तोंडी चालत नाहीत."

"मग?"

"मग तुम्ही शाल घ्या आणि गप्प बसा. ते मी बघते."

बाईंचे आभार. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. गुडघे गेलेत, बहीण करेल त्यांचं. मंडळानं लिंबूभात आणला, मीठवाल्यांच्या गावात त्यात मीठ कमी, तरी त्यांचेही आभार. माझं बोलणं कोणाला लागलं असेल, तर ते लागावं म्हणूनच बोलले. बाकी जे चुकलं ते दुसरीपर्यंतच्या शिक्षणावर ढकला आणि पोटात घाला.

आता अध्यक्ष. खुर्च्यांचा टेम्पो जाऊ दे. तुझी गाडी थांबेल. दिवेलागणीला मी बांधावर जाईन. एस्तर बाई, बस येईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही. मुत्तुरामा, तू कुलूप काढ आणि आपल्या उंबऱ्यावर उभा राहा. रीत तुला ठाऊक आहे, ओ ठेवायला शेजारी उरला नाही की ओ देणाऱ्यानं राहायचं, नाहीतर राहणारं माणूस आणायचं. मी हाक देईन. आज ओ तू द्यायचीस.