सासूबाई, डावा कोपरा

...नाही, नाही, मला विचारूच नका. कॅमेऱ्याचं मला विचारू नका. मोठा फुल-फ्रेम डीएसएलआर घेऊ की तो मोठ्या सेन्सरचा छोटा कॉम्पॅक्ट घेऊ, हे दुकानदाराला विचारा, शेजाऱ्याला विचारा, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा, पण माझ्याकडे असं आशेनं बघू नका. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस तर गेलं वर्षभर दुसरं काही बोलतच नव्हता! खरंय. बोलत नव्हतो. जेवताना बोलत होतो, दाढी करताना बोलत होतो, बायकोच्या दाढेत कळ आली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून तिला लेन्स समजावून सांगत होतो. ती गालावर हात धरून म्हणाली, "अहो, एक काय तो घ्या, पण गप्प बसा." झालं! परवानगी मिळाली. गप्प बसायचं तेवढं राहिलं.

घ्यायचा कोणता पण? तुम्हाला सांगतो, माणसानं एक वेळ जन्मभराचा जोडीदार पटकन निवडावा, मी निवडला, पण कॅमेरा निवडणं महाकठीण. मोठा घ्यावा तर फोटो काय सुंदर येतो, पण गळ्यात अडकवला की मान पुढे येते, आणि कुठल्याही समारंभात गेलं की लोक आपल्याला भाड्यानं आणलेला फोटोवाला समजतात, "ओ, आमच्या मामांचा एक काढा," आणि मामांचा काढून होईपर्यंत जेवण संपलेलं असतं. छोटा घ्यावा तर खिशात मावतो, आतला सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर चित्र उमटतं ती पाटी हो, ती चांगली मोठी असते, पण दिसायला साबणाची वडी! गळ्यात घालून मिरवायची सोय नाही. मग? सांगा ना, मग माणसानं करायचं काय?

दुकानदार माझ्या वर्गातला. तो कंटाळला. म्हणाला, "हे बघ, तू दोन्ही घरी घेऊन जा. दुकानातले नमुन्याचे आहेत. काढ काय काढायचे ते फोटो, ठरव, आणि मगच तोंड दाखव." मी दोन्ही घेऊन घरी आलो. आणि घरी कोण? सासूबाई.

आता हे जरा समजून घ्या. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आमच्याकडे विश्रांतीला आलेल्या. दिवसभर खिडकीशेजारच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, स्टुलावर उशी. आणि त्यांचं माझ्याबद्दलचं मत... कसं सांगू? वाईट नव्हतं. मतच नव्हतं. मी घरात आलो की त्या दाराकडे बघायच्या, माझ्या मागून अजून कुणी येतंय का म्हणून. जावईबापू म्हणायच्या, अगदी आदरानं, पण वीजबिलावर आपलं नाव असतं ना, तेवढ्याच आदरानं. इतकी वर्षं हेच. मी पण सोडून दिलं होतं.

दुसरी गोष्ट समजून घ्या, माझं काम. मी छापखान्यात तपासनीस. मोठमोठे कागद मशीनमधून छापून येतात, मी डोळ्याला भिंग लावतो आणि कोपरे बघतो. कोपऱ्यात बारीक खुणा असतात, त्यावरून कळतं, चारही रंग एकावर एक बरोबर बसले की नाही. कोपरे बरोबर म्हणजे कागद बरोबर. मध्ये काय छापलंय ते मी बघत नाही. एका बिस्किटाची लाखो वेष्टनं माझ्या हाताखालून गेली, बिस्किट कुठलं ते मला बायकोनं दुकानात दाखवल्यावर कळलं. सवय हो! माझी नजर मधे थांबतच नाही, घसरते आणि कोपऱ्यात जाते.

आणि भिंगाची, म्हणजे लेन्सची, खरी परीक्षा कोपऱ्यातच असते. मधे सगळ्याच लेन्स चांगल्या दिसतात. कोपऱ्यात काहीतरी बारीक, नाजूक ठेवायचं आणि बघायचं, स्पष्ट येतंय का. काय ठेवावं बरं? मी हॉलभर बघितलं. समोरच्या भिंतीवर आमच्याच छापखान्याचं कॅलेंडर, बारीक आकडे, ते मधे झकास. आणि त्याच्या खाली डावीकडे... सासूबाईंचे केस. पांढरे, मऊ, एकेक सुटा. आणि बाई हलत नाहीत! डॉक्टरांनीच सांगितलंय, हलायचं नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

काढला फोटो. मोठ्यानं एक, छोट्यानं एक. सासूबाईंनी विचारलं, "माझा काढलात?" मी म्हटलं, "हो." आता ह्यात खोटं काय आहे? होत्या ना त्या फोटोत! म्हणून म्हणतो, कॅमेऱ्याचं मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळचा उजेड वेगळा, परत काढले. तिसऱ्या दिवशी ढग आले, परत काढले. आणि तिसऱ्या दिवशी मी बघतो तर सासूबाई आवरून बसलेल्या! केस विंचरलेले, कानात मोत्याच्या कुड्या, ठेवणीतली शाल. मी कपाळाला हात लावला. का? अहो, केस विंचरल्यावर सुटे कसे राहणार? माझी परीक्षा बिघडली! हे माझ्या मनात आलं, लिहून घ्या. एक बाई दुखरा पाय घेऊन, भिंतीला धरून आरशापर्यंत गेली आणि परत आली, आणि माझ्या मनात हे आलं.

मग सुरू झालं. फोनवर बहिणीला, "अगं, जावई रोज फोटो काढतात माझे. रोज! दोन-दोन कॅमेरे घेऊन. पोटच्या पोरानं कधी वळून बघितलं नाही, पण हा... निघाला हो चांगला." मी आतल्या खोलीत ऐकतोय. संध्याकाळी घरी आलो तर त्या दाराकडे बघत होत्या आणि मी दिसल्यावर बघायच्या थांबल्या. हसल्या. चहा गार झाला असेल, परत टाक म्हणून लेकीला सांगितलं, माझ्यासाठी! मला म्हणाल्या, "दमलात? आज राहू दे हवं तर फोटो." मी म्हटलं, "छे, छे, आई, उजेड चांगला आहे."

तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच कळलं होतं. नाही कळलं असं म्हणणार नाही. मला स्वच्छ कळलं होतं की ह्यांचा गैरसमज झालाय आणि तो मी दूर केला पाहिजे. पण काय म्हणून दूर करू? आई, मी तुमचे फोटो काढत नाही, तुमचे केस मला कोपऱ्याला बरे पडतात? आणि खरं सांगू का, बरं वाटत होतं हो. इतक्या वर्षांनी त्या घरात माझं कुणी कौतुक करत होतं. मी चहा प्यायलो. रोज प्यायलो.

रात्री, नाही, आल्याबरोबरच, मी कॉम्प्युटरवर फोटो उघडायचो. पूर्ण फोटो कधी बघितला नाही. उघडला की मोठा, अजून मोठा, अजून मोठा, कोपऱ्यातले केस, कानामागची एक बट, इकडे मोठ्याची, तिकडे छोट्याची. त्या बटेचा एकेक केस मला पाठ झाला होता. चेहरा? चेहरा मधे आला असता तर बघितला असता ना!

आणि मग तो रविवार. मेहुणा आला, त्याच्या बायकोला घेऊन, आईला परत घरी न्यायला. सगळे हॉलमध्ये. आणि सासूबाई, ठेवणीतली शाल, कुड्या, म्हणतात कशा, "जावईबापू, दाखवा ना ह्यांना माझे फोटो. टीव्हीवर लावा." मी म्हटलं केबल नाही, मेहुणा म्हणाला लागत नाही. मी म्हटलं अजून निवडायचेत, बायको म्हणाली, "अहो, लाजता काय?" मेहुण्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि टीव्हीच्या मागे खुपसलं. हा माणूस आईला कधी फोन करत नाही, पण कार्ड खुपसता येतं!

पहिला फोटो. कॅलेंडर.

दुसरा. कॅलेंडर. ढगाळ दिवसातलं.

तिसरा... मेहुणा म्हणाला, "तारखा मस्त आल्यात." बायको म्हणाली, "आई कुठाय?" मेहुण्याची बायको उठली, टीव्हीजवळ गेली, बोट ठेवलं, "ह्या काय, खाली." खाली डावीकडे अर्ध्या डोक्याच्या सासूबाई. अर्धं डोकं, एक कान, कुडी. पुढचा फोटो, तेच अर्धं डोकं. पुढचा, तेच. मेहुणा आधी हसला, मग त्याचं हसणं थांबलं, कारण दुसरं कुणी हसत नव्हतं. मला म्हणावंसं वाटलं, आता बंद कर.

सासूबाईंनी चष्मा लावला. नीट बघितलं. सगळे बघितले, एकही न वगळता. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे कॅलेंडरचे काढत होता."

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. मी काय केलं? मी समजावून सांगितलं! "नाही आई, कॅलेंडरचे नाही, तुमच्या केसांचे, म्हणजे त्याचं काय आहे, कोपऱ्यात लेन्स जरा पुसट होते, आणि तुम्ही हलत नाही, म्हणून..."

त्या म्हणाल्या, "मग मी रोज आवरून कशाला बसत होते?"

मेहुण्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिला राग आला असता तर चाललं असतं, पण तिला राग आलेला नव्हता. तिला माझी लाज वाटत होती. मला पण वाटत होती. आजही वाटते, आत्ता हे सांगताना कान गरम झालेत, हात लावून बघा. म्हणून म्हणतो, कॅमेऱ्याचं मला विचारू नका!

निघायची वेळ झाली. बॅग दारात. मी मोठा कॅमेरा घेतला आणि म्हटलं, "आई, एक काढू द्या. फक्त तुमचा." मेहुणा म्हणाला, उशीर होतोय. सासूबाई म्हणाल्या, "काढू दे. जावईबापू, आता कुठे बसू ते एकदा नीट सांगा."

मी खुर्ची मधे घेतली. कॅलेंडर काढून ठेवलं. कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तुम्हाला सांगतो, मी त्या बाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बघितला. हनुवटी वर, ओठ घट्ट. शाल त्यांनी काढून बॅगेत टाकली होती, कुड्याही काढल्या होत्या. आणि डोळे सरळ भिंगात. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर मी सुटलो असतो. एखाद्या माणसाकडून आपण काहीतरी धरून बसलो होतो आणि ते चुकलं, ह्याची आपल्यालाच शरम वाटावी, तसं. दुसऱ्या कुणाची चूक नाही, माझीच, मीच वेडी, असं. बोट दाबेना. त्याच म्हणाल्या, "झालं का?" मी दाबलं. "झालं."

दाराशी त्या बायकोला म्हणाल्या, हा एक मोठा करून घे, ते म्हणतात ना, भिंतीएवढा करता येतो. कुणी सांगितलं होतं त्यांना? मीच! रोज, चहा पिताना! बायकोनं केला मोठा. आमच्याच छापखान्यात. मी तपासला. भिंग खिशातच राहिलं. आता तो हॉलमध्ये आहे, कॅलेंडरच्या जागी. घरी आलो की आधी तोच दिसतो, आणि एकेक पापणी मोजता येते, आणि सगळं, सगळं कळतं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कॅमेरे दुकानदाराला नेऊन दिले. त्यानं विचारलं, "ठरलं?" मी म्हटलं, "छोटा दे." तो म्हणाला, "का रे? मोठा भारी आहे, बघ ना, चेहरा किती स्पष्ट येतो."

मी म्हटलं, "तेच ना."