खुंटाचं फळ

(ताईची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. एका बाजूला शिवणाचं मशीन, दुसऱ्या बाजूला मोठी कुंडी आणि तिच्यात डोक्याच्या वर गेलेलं झाड. समोर तिचा धाकटा भाऊ.)

धाकटा: थूः! ताई, काय दिलंस हे? कडूजहर झालं तोंड.

ताई: थुंकतोस काय मेल्या! आईच्या संत्र्याचं पहिलं फळ आहे. आठ वर्षं वाट बघितलीय मी. तीनच धरली, त्यातलं एक तुझ्यासाठी राखलं.

धाकटा: बाकीची दोन?

ताई: खाल्ली. सालासकट.

धाकटा: आणि कडू नाही लागली?

ताई: लागली. म्हटलं, माझ्याच तोंडाची चव गेली असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना. तू फांदी न्यायला आलायस, ती ने. तुम्ही नर्सरीवाले रोपं विकणार, तुम्हाला फळाची काय पारख!

धाकटा: फांदी नको.

ताई: का? महिनाभर फोनवर डोकं खात होतास, नव्या घरी आईचं झाड हवं म्हणून.

धाकटा: जरा इकडे ये. हे बघ. एका देठावर किती पानं आहेत?

ताई: तीन.

धाकटा: संत्र्याला एकच असतं. आणि हे बोटाएवढे काटे? आपल्या अंगणातल्या झाडाला होते का असले? आपण पोरं उघड्या पायांनी चढायचो त्याच्यावर.

ताई: कुंडीत होत असेल तसं. उगाच घुमवून घुमवून बोलू नकोस, काय ते सरळ सांग.

धाकटा: आईनं तुझ्यासाठी अंगणातल्या झाडाचा डोळा, एवढासा कोंब, काढला आणि दुसऱ्या रानटी झाडाच्या खुंटावर बांधला, आठवतंय? जोडाच्या वर आपलं संत्रं, जोडाच्या खाली रानटी. हा जोड, माती सारली की दिसतो. ह्याच्या वर काय राहिलंय?

ताई: वाळकं खोडकं.

धाकटा: आणि हे एवढं झाड कुठून आलंय?

ताई: ...खालून.

धाकटा: हे आईचं झाड नाही, ताई. हा नुसता खुंट वाढलाय.

ताई: काहीतरीच! अरे, पानापानावरची कीड साबणाच्या फडक्यानं पुसलीय मी ह्याच्या. तीन कुंड्या बदलल्या. ह्याच्यापायी कुणाकडे चार दिवस राहायला गेले नाही.

धाकटा: म्हणूनच एवढं माजलंय. वरचं कुणी कापलं?

ताई: मीच. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी. वरची फांदी मरगळली होती, पिवळी पडली होती. आणि बुडातून दोन फुटवे असे सरसर वर आले... मला वाटलं, आईच्या झाडानं उभारी धरली.

धाकटा: अगं, मला एकदा विचारायचं तरी! जन्मभर हेच करतोय मी. खालचे फुटवे दिसले की नखानं खुडून टाकायचे, नर्सरीतलं शेंबडं पोरही सांगेल.

ताई: विचारलं होतं.

धाकटा: कधी?

ताई: थांब. हा घे फोन. वर सरकव. अजून वर. हां, हे. मोठ्यानं वाच.

धाकटा: 'खालून दोन फुटवे आलेत. ते ठेवून वरचं मरतुकडं कापू का?'

ताई: त्याच्याखाली फोटो आहे. फोटोखाली तुझं उत्तर. वाच की.

धाकटा: ...अंगठा आहे.

ताई: अंगठा. त्याच दुपारी कात्री लावली मी.

धाकटा: गिऱ्हाईक असेल गं समोर. दिवसाला पन्नास फोटो येतात, कुणाचा गुलाब वाळतोय, कुणाच्या मोगऱ्याला कळ्या नाहीत. मी तो उघडलाच नसेल.

ताई: माझा होता तो. आईच्या झाडाचा होता.

धाकटा: चुकलो. आता काय करू, नाक घासू? अंगणातलं झाड असतं तर दुसरा डोळा आणला असता, पण रस्ता रुंद केला त्यात ते गेलं. असं करू या, खुंट चांगला दणकट आहे. माझ्याकडच्या संत्र्याचा डोळा भरतो ह्याच्यावर. तीनेक वर्षांत गोड फळं धरतील. कुणाला कळणारसुद्धा नाही.

ताई: लोकांना दाखवायला सांभाळलं होतं का मी?

धाकटा: तसं नाही गं म्हणायचं मला...

ताई: आई गेली तेव्हा तू ढसाढसा रडलास. सगळ्यांनी तुला पोटाशी धरलं. मी आत चहाच्या कपबशा विसळत होते. थोरली किती खंबीर, म्हणाले सगळे. कसली डोंबलाची खंबीर! मला वाटलं, माझ्याकडे झाड आहे.

धाकटा: ताई...

ताई: तू जा आता. मला रडायचंय, आणि तुझ्यासमोर नाही रडायचं.