भोपळ्या कळप सोडत नाय

आनि हसताय काय ओ मावशी? पांजरपोळीच्या कुंपनाच्या आत गाईम्हशींच्या रांगेत बाईमानूस उभं दिसलं म्हनून हसायचं? मी काय लुळी गाय हाय, की कोना शेटनं पुन्य म्हनून मला इथं आनून बांधली? धडधाकट हाय मी. कोपरीत जाऊन आवडाबाई म्हना, कोनी पन घर दाखवेल. तुम्ही नौपाड्याकडून संक्रांतीचं गवत घालायला आलात, घाला, पुन्य मिळवा, पन माझ्याकडं असं टकमका बघू नका... मी आत का हाय ते सांगते, सगळं सांगते, मला तरी आता दुसरं काय काम हाय?

तो बघा. तिकडं, त्या आंधळ्या म्हशीच्या नि लंगड्या बैलाच्या मधी पाय पसरून पडलाय ना, भुरकट, मानेवर आयाळीसारखे केस असलेला, तो. भोपळ्या त्याचं नाव. नावावर जाऊ नका तुम्ही, लहानपनी गरगरीत होता म्हनून पडलं ते नाव, पन जात? जात बघा त्याची. धनगराचा राखनीचा कुत्रा हाय तो. घाट उतरून मेंढरं घेऊन धनगर येतात ना कल्यानकडं, शेतात मेंढरं बसवतात खतासाठी, तसा एक माझ्या बापाच्या शेतात बसला होता, मलंगगडाच्या पायथ्याला, त्यानं दिलं मला हे पिल्लू. आनि काय बोलला ठाव हाय? बोलला, "आक्का, ह्याला मानसांत वाढवू नगं. मानसांत वाढला की भाकरीच्या मागं फिरतोय. शेळीच्या कुशीत टाक, शेळीचं दूध पाज, आन् मग बघ. जातीचा कुत्रा मरंल, पर कळप सोडायचा न्हाई."

तसंच केलं मी. आमची काबरी शेळी तेव्हा नुकती व्यालेली, तिच्या करडांत ह्याला टाकला, तिनं आधी दोन लाथा घातल्या, मंग कंटाळली नि पाजला. तेव्हापासून काबरी त्याची आय. आजपर्यंत माझ्या दारात आला नाय तो झोपायला, पावसात पन गोठ्यात, शेळ्यांच्या मधी, तोंड बाहेरच्या बाजूला. गावातले लोक बोलायचे, "आवडे, तुझा कुत्रा भुंकत नाय, कोनाच्या मागं धावत नाय, नुसता लोळतो, हा कसला राखनदार?" मी बोलायचे, थांबा. आनि मंग येऊरच्या डोंगरातून बिबळ्या उतरला त्या साली. सगळ्या गावाचे कुत्रे भुंकत त्याच्या मागं धावले, नि तो वळसा मारून आला तो ज्याची राखन उघडी पडली त्याच्याच गोठ्यात. आमच्याकडं पन आला. भोपळ्या धावला? नाय धावला. उठून दारात उभा राहिला, बस. बिबळ्यानं बघितलं, ह्यानं बघितलं... बिबळ्या गेला. ह्यानं जांभई दिली नि परत आडवा झाला. गावात त्या साली शेळी शिल्लक राहिली ती आमचीच. मंग मी कोनाला बोलायची ठेवते का? आल्यागेल्याला सांगायचे, जातीचा कुत्रा कळप सोडत नाय.

आता ऐका माझ्या दादल्याची करनी. नाव घेत नाय मी त्याचं, घ्यायच्या लायकीचं पन नाय. मी मिठागरावर गेलेले नि ह्यानं भोपळ्याला गोठ्यात कोंडून काबरी कसायाला दिली. का, तर म्हातारी झाली, दूध देत नाय. अरे, तुझी आय पन दूध देत नाय आता, तिला देतोस का? कसाई काबरीला घेऊन निघाला, रस्त्यात एक शेट भेटला, त्याला आली दया, त्यानं तिला सोडवली नि हितं पांजरपोळीत आनून सोडली. चांगलं झालं, देव त्याचं भलं करो. पन काबरीच्या मागं मागं, कोपरीपासून हितपर्यंत, कोन आला असेल? गोठ्याचं दार फोडून, रेल्वेचा रूळ ओलांडून, बाजारातून, मानसं दगड मारत होती तरी? जातीचा कुत्रा कळप सोडत नाय.

मी घरी येऊन बघते तर काबरी नाय, कुत्रा नाय, बाकीच्या शेळ्या बावरून एका कोपऱ्यात, नि बिबळ्याचे दिवस. दादल्याला जे बोलायचं ते बोलले, ते तुमच्यासमोर सांगत नाय, हातात गवत हाय तुमच्या. दोर घेतला नि शोधत शोधत दुसऱ्या दिवशी हितं आले. तर हितले मुनीमजी गादीवरून उठायला तयार नाय. "बाई, एवडा मोटा कुतरा गाममधला नसे. आ तो सायबलोकचा. कल्यानला रेलवाला सायबचा कुतरा गुम थई गेला, उद्या तेनो मानस येशे नि लई जाशे." मी बोलले, ओ मुनीमजी, राखनीचा हाय तो, शेळ्यांचा, आमचा. तर म्हनतात, "राखनीचा? आखो दिवस तो झोपे छे!"

आनि तिथं बसलेले कोन, तर हरिहरपंत. कचेरीतून पेन्शन घेतलेले, पांजरपोळीच्या पंचांत बसतात, मानूस भला, पन ज्ञान फार. चष्मा लावून भोपळ्याभोवती फेरी मारली, कान बघितले, शेपूट बघितलं, मागच्या पायाचं जादा नख मोजलं, एकदा वाकले, दोनदा वाकले, भोपळ्यानं एक डोळा उघडून ह्यांच्याकडं बघितलं नि मिटला. मंग पंत नाक वर करून बोलले, "मुनीमजी, निःसंशय विलायती आहे. मास्टिफ म्हणतात ह्याला. मुखाची ठेवण पाहा. आपल्याकडच्या श्वानाच्या मुद्रेवर एवढं गांभीर्य येत नाही." आता बोला. आमच्या कुत्र्याला गंभीर तोंड पन करायची चोरी.

उद्या सायबाचा मानूस येनार, गळ्यात पट्टा घालनार, बंगल्याच्या पायरीवर बांधनार, नि हा तिथं शेळीवाचून झुरून मरनार. मी बोलले, पंत, तुम्ही मोठे, तुमचा शब्द खाली पाडत नाय, पन कुत्रा कानावरून ओळखायचा नसतो, कामावरून ओळखायचा. सायबाचा कुत्रा काय करतो? काठी फेकली की आनून देतो. बरोबर? फेका काठी. पंतांना पटलं. त्यांनी आपलीच काठी, चांदीच्या मुठीची, जोर करून फेकली... ती गेली गुरांच्या पान्याच्या डबक्यात. भोपळ्यानं काठीकडं बघितलं, पंतांकडं बघितलं, नि शेपटीनं एक माशी मारली. मंग पंतच धोतर वर करून डबक्यात उतरले, काय करतात. मी बोलले, बघा मुनीमजी, काठी आनून देनारे दुसरे असतात.

पंत हसले हो, खरंच, चिखलात उभे राहून हसले, म्हनून म्हनते मानूस भला.

मंग मी बोलले, आता राखनीच्या कुत्र्याची परीक्षा घ्या. ती काबरी शेळी हाय ना, तिचा कान धरा नि फाटकाबाहेर न्या. मुनीमजी बोलले, "एमां शुं, त्यात काय?" नि उठले, काबरीचा कान धरला, एक पाऊल ओढली, दोन पावलं ओढली... आनि भोपळ्या उठला. भुंकला? नाय. गुरकावला? नाय. सावकाश चालत आला, पुढचे दोन्ही पाय उचलले नि मुनीमजींच्या दोन खांद्यांवर ठेवले. असा समोरासमोर, जुना सोयरा भेटावा तसा. मुनीमजींचा रंग उडाला, पगडी उडाली, काबरीचा कान सुटला. कान सुटला तसे ह्याचे पाय खाली आले, परत जाऊन झोपला. चावा नाय, ओरखडा नाय. अशी जात हाय ती. माझी छाती एवढी फुगली, की मी तिथल्या गडीमानसांना, गवतवाल्याला, समोरच्या वान्याला, सगळ्यांना बोलावून बोलावून सांगितलं, बघितलंत? विलायतेत मिळतो का असा? जातीचा कुत्रा कळप सोडत नाय.

मुनीमजी पगडी झटकत बोलले, "मान्य, बाई, मान्य. तुमचाच कुतरा. सायबला सांगीश. आता लई जाव एने, मेहेरबानी." मी दोर काढला, गळ्यात घातला, बोलले, चल भोपळ्या.

तेव्हा पंत, ओल्या धोतरानं, एकदम हळू आवाजात बोलले, "आवडाबाई, एक शंका आहे. जातीचा कुत्रा कळप सोडत नाही म्हणता... मग हा तुमच्याबरोबर येणार कसा?"

आनि तो नाय आला. ओढला, चुचकारला, बोंबलाचं डोकं दाखवलं, ते त्यानं खाल्लं नि परत झोपला. कारन ह्या दोन दिवसांत ही आंधळी म्हैस, हा लंगडा बैल, ते एका शिंगाचं बोकड, सगळी काबरीच्या आजूबाजूला आली होती, नि ह्यानं हुंगून हुंगून सगळ्यांना आपली मानली होती. पांजरपोळच त्याचा कळप झाली. काबरीला न्यावी तर मुनीमजी देत नायत, पुन्याचं जनावर परत मिळत नाय म्हनतात, नि कान धरायला तर आता ते स्वतः पन तयार नायत.

पन मी पन आवडाबाई हाय. बोलले, त्याला कळप पायजे ना? माझा कळप आनते. काल सकाळी घरच्या सगळ्या शेळ्या हाकत आनल्या, फाटकाबाहेर उभ्या केल्या, हाक मारली, भोपळ्या, बघ तुझी मानसं. आला तो. धावत आला. माझे डोळे भरून आले, खोटं नाय सांगत. एकेकीला हुंगली... नि एकेकीला ढकलत आत घेऊन गेला. आत ही हिरवी वैरन, गुळाचे खडे, पुन्यवान लोकांची गर्दी, शेळ्या कशाला बाहेर येतात? घरी त्यांना माझा दादला नि वाळलेला पेंढा. कोन कुठं राहील तुम्हीच सांगा.

दादला आला होता संध्याकाळी, भाकरी घेऊन. भोपळ्यानं त्याला कुंपनाच्या जवळ पन येऊ दिला नाय. काबरीला नेनारा मानूस तो विसरत नाय, नि मी त्याला विसर म्हननार पन नाय. भाकरीचं गाठोडं तो तिकडं लांब झाडाखाली टाकून पळाला, ते कावळ्यांनी फोडलं, ते बघत बसले मी इथून.

आता तुम्ही विचाराल, बाई, शेळ्या गेल्या, कुत्रा गेला, मंग तू इथं का? काल दुपारी दूध काढायला आत आले, मावशी. शेळ्यांना काय, पांजरपोळ असो नि कोपरी, धारा वेळेवर काढाव्या लागतात. दूध काढलं, चरवी उचलली, फाटकाकडं वळले, नि भोपळ्या उठला. भुंकला नाय. चावला नाय. आडवा आला, नि डोक्यानं मला ढकलत ढकलत नेऊन काबरीच्या शेजारी बसवली. परत उठले, परत बसवली. मुनीमजी कुंपनावरून बोलले, "बाई, जातनो कुतरा छे." पंत कालपासून दोनदा बघून गेले, आपल्या नातवंडांना घेऊन, नि त्यांना सांगत होते, "पाहा बाळांनो, हा खरा धनगरी," नि मला आतून मान हलवावी लागली, कारन खरंच हाय ते. असा कुत्रा ठान्यात नाय, कल्यानात नाय, नि सायबाच्या बंगल्यात तर नायच नाय.

तेव्हा फाटक उघडू नका बरं, तुम्ही आत आलात की तुम्ही पन मोजनीत. कुंपनावरूनच टाका काय ते. गवत तिकडं म्हशीला घाला, गूळ काबरीला... आनि मावशी, पदराखाली तीळ घातलेली भाकरी हाय ना ती तुमच्या? वास येतोय मघापासून. ती हिकडं टाका. कळपात मी पन हाय.