नाव बदलण्यापूर्वी

(सिएनफुएगोस, क्यूबा. दुपार. एनेइदाच्या घरी, संगणकापाशी; तिचे जुने शिक्षक, ‘प्रोफे’ लिसांद्रो, कॉफीला आले आहेत. गेलेली वीज नुकतीच परतली आहे.)

एनेइदा : ...रिकामी आहे, प्रोफे! फाईल उरली, आत काही नाही. आईचा आवाज गेला.

लिसांद्रो : आधी बस. काय करत होतीस ते क्रमानं सांग.

एनेइदा : तिच्या गाण्यातली खरखर काढत होते. माझा प्रोग्राम स्वच्छ झालेला आवाज त्याच फाईलवर लिहीत होता, आणि ऐन वेळी वीज गेली.

लिसांद्रो : त्याच फाईलवर? अगं, लिहिण्यासाठी फाईल उघडली की जुनं सारं त्याच क्षणी पुसलं जातं. रोज वीज जाणाऱ्या गावात राहतेस, वर्गात माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसायचीस, आणि हे? मूळ कॅसेट कुठं आहे?

एनेइदा : बुरशीनं खाल्ली. आईमागोमाग तीही गेली.

लिसांद्रो : नवं लिहावं ते शेजारी, वेगळ्या नावानं. ते डिस्कवर पूर्ण उतरलं, याची खात्री करावी. मगच नाव बदलून जुन्याच्या जागी बसवावं. मध्ये अंधार झाला, तरी दोहोंतलं एक अखंड राहतं.

एनेइदा : आता उपदेश नको हो! ...थांबा. शेजारी एक फाईल दिसते. ‘आई-नवी’.

लिसांद्रो : म्हणजे केलं होतंस की! उगीच रडून माझी कॉफी निववलीस.

एनेइदा : मी नाही केली. माझ्या प्रोग्राममध्ये तशी ओळच नाही.

लिसांद्रो : ऐकव.

एनेइदा : ...तिचंच गाणं. खरखर अजिबात नाही. सगळं आहे, प्रोफे, सगळं!

लिसांद्रो : गाणं तर संपलं. मग हा आवाज कसला?

एनेइदा : बोलतेय ती. “एनेइदा, रडू नकोस गं. प्रोफेंची कॉफी निवली, दुसरी ठेव.”

लिसांद्रो : ...हे कॅसेटवर होतं?

एनेइदा : नव्हतं.

लिसांद्रो : तुझा प्रोग्राम अजून चालू आहे का?

एनेइदा : तो विजेबरोबरच बंद पडला. काहीच चालू नाही. मी नाव बदलते, वीज पुन्हा जाण्याआधी तिला जागेवर बसवते.

लिसांद्रो : हात आवर. आधी फाईलचा आकार पाहा.

एनेइदा : वाढतोय.

लिसांद्रो : मग लिहिणं संपलेलं नाही. अपुऱ्या फाईलचं नाव बदलू नये, मुली. तिला सावकाश पुरं करू दे.

एनेइदा : आणि मध्येच वीज गेली तर?

लिसांद्रो : तू कॉफी ठेव. ती सांगते आहे ना.