शांताच्या वेणीतली फीत

माझं नाव सुमती. आमचं मूळ गाव काष्टीच्या बाजूला, पन तिथलं मला काय बी आठवत न्हाई, कारन मी अंगावर पीत हुते तवाच आई मला घेऊन तिथनं निघाली. निघाली म्हंजी काय, काढलीच तिला. आधी गालावर चट्टा आला, मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या, पानवठ्यावरच्या बायांनी वळखलं की ही रगतपिती हाय. बाप माझा वाईट न्हवता म्हनत्यात, पन भावकीपुढं त्याचं काय चालंना. मग आई मला पाठीला बांधून चालत नगरला आली आन मिशनच्या दवाखान्याच्या दारात बसली. तिथनं तिला महारोग्यांच्या आश्रमात नेलं आन मला तिच्यापासून काढून पोरींच्या बोर्डिंगात ठिवलं. काढलं ते चांगल्यासाठीच काढलं, ताई, रोग लागू नये म्हनून. मिशनला मी नावं ठेवनार न्हाई, त्यांचं मीठ खाल्लंय, त्यांनीच शिकवलं, दवाखान्यात आयाचं काम दिलं, त्याच्यावर माझा संसार झाला.

तर बोर्डिंग आन आश्रम एकाच आवारात, मधी चिंचेची झाडं आन एक दोर बांधलेला. दोराच्या पल्याड आमी जायाचं न्हाई, अल्याड त्यांनी यायचं न्हाई. फकस्त रविवारी उपासनेला सगळी एका देवळात, म्हंजी चर्चात. आमी पोरी म्होरं, चटईवर रांगंनं, सगळ्यांचे निळे झगे, सगळ्यांच्या दोन दोन वेन्या. आजारी मानसं पार मागं, भिंतीशी. आन मागं वळून बघायचं न्हाई, देवाकडं ध्यान द्यायचं, असा मार्थाबाईंचा हुकूम. मार्थाबाई म्हंजी आमच्या बोर्डिंगच्या बाई. उपासना झाली की आधी ती मागची मानसं मागच्या दारानं जायाची, मग आमी उठायचो. म्हंजी बघा, आईनं माझी पाठ बघितली, आन मी तर तिचं काहीच बघितलं न्हाई. माझी आई तिथं हाय येवढं ठाव हुतं. त्यातली कंची, ते न्हाई.

लढाईचे दिवस हुते ते. कापड मिळंना, घासलेट मिळंना, रेशनच्या निकस जवारीची भाकरी खाऊन पोरींची पोटं दुखायची. अशात माझ्या आईनं आश्रमाच्या वाफ्यात भाजी लावून, कुनाकुनाच्या हातापाया पडून, नाताळाला माझ्यासाठी एक तांबडी फीत आनवली. चांगली रेशमी, चकाकनारी. आश्रम बघनाऱ्या गोऱ्या मिससायबाकडं दिली आन म्हनाली, माझ्या सुमतीच्या वेनीला बांधा, म्हंजी मला मागनं वळखू येईल. मिससायबांनी ती उकळून, उन्हात वाळवून मार्थाबाईंकडं धाडली. वळखायचं बोलनं काय तिच्यासंगं धाडलं न्हाई, त्यांच्या ध्यानात राहिलं नसंल.

आता मार्थाबाईंची रीत आईका. बोर्डिंगात जी काय भेट येईल, कुनाच्या बी नावानं येऊ द्या, ती एका पेटीत पडायची आन नाताळाला वाटायची. आन वाटताना ज्या पोरीचं जगात कुनी न्हाई तिला आधी. बाई म्हनायच्या, जिला आईबाप हायेत तिला आशा तरी हाय, जिला न्हाई तिला निदान वस्तू असू द्या. वाईट हाय का हे, सांगा? मला तर अजून बी वाईट वाटत न्हाई. तर ती फीत गेली शांताला. शांताला कुनीतरी दवाखान्याच्या पायरीवर टाकून गेल्तं, तिचं आडनाव सुदिक बाईंनीच दिलेलं. ती काय खूश झाली! दर रविवारी ती फीत बांधायची, आन मी तिच्याच शेजारी बसायचे, मीच तिला गाठ मारून द्यायचे. मला काय ठाव ती फीत कुनाची.

आन मागं भिंतीशी माझी आई दर रविवारी शेजारनीला म्हनायची, ती बघ, ती तांबडी फीतवाली, ती माझी सुमती. बघ कशी उंच झाली. हे मला मागनं कळलं. तिचे डोळे तवाच अधू व्हायला लागलेले, पन तांबडा रंग दिसायचा.

मग एका उन्हाळ्यात विषमज्वर आला बोर्डिंगात. लई पोरी निजल्या, मी बी निजले. बाकीच्या उठल्या, शांता उठली न्हाई. त्या रविवारी आईनं बघितलं तर फीत न्हाई. आन बाया बोलत हुत्या की बोर्डिंगातली एक पोर गेली. तिनं कुनाला काय इचारलं बी न्हाई हो. खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली, जेवंना, पानी घेईना. शेजारनीनं मिससायबास्नी सांगितलं तवा कुठं उलगडा झाला. मिससायब धावत आल्या, मला हाताला धरलं आन दुपारच्या उन्हात दोराशी नेऊन उभी केली. म्हनाल्या, राहीबाई, ही बघ तुझी सुमती, जिती हाय, फीत दुसऱ्या पोरीला दिल्ती, आमची चूक झाली.

मी आईला पैल्यांदा तवा बघितली. नाक बसलेलं, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मी भ्याले, खोटं कशाला सांगू. पन हाक मारली, आई म्हनून. ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, आन मिससायबाला म्हनाली, तुमी लई दयाळू हाय. पोरीला आत न्या, ऊन लागंल.

तिचा इस्वास बसला न्हाई. आन का बसावा? आश्रमात कुना बाईचं पोर गेलं की मिशन तिला दुसरी एखादी अनाथ पोर लावून द्यायचं, मानलेली लेक म्हनून, तिनं हिच्यासाठी प्रार्थना करायची, हिनं तिच्यासाठी. तिच्या शेजारनीला तशीच दिल्ती. आईला वाटलं, आता आपली पाळी. माझ्या अंगावर जन्माची खून असती तर दाखवली असती, पन देवानं मला एक तीळ सुदिक धड जागेवर दिला न्हाई.

तिथनं म्होरं मला तिला भेटू द्यायचे, दोराच्या अल्याडनं. मी लई सांगून बघितलं. भांडले सुदिक, आरडले एकदा, मी तुझीच हाय गं म्हनून. ती व्हय व्हय म्हनायची, समजूत काढल्यासारखी. माया केली तिनं, न्हाई कशी, वाफ्यातले टमाटे राखून ठिवायची माझ्यासाठी. पन शांताला पुरलं तिकडं तोंड करून रोज प्रार्थना करायची, माझ्या सुमतीला शांती दे म्हनून, आन मी तिथं उभी. काय सांगू तुमाला, जितं मानूस आपल्याच मरनाची प्रार्थना आईकतंय, आमेन बी म्हनतंय.

शेवटी शेवटी नवी गोळी आली, रोग थांबला, पन तवर ती पार खचली हुती. डाक्टरांनी मला उशाशी बसू दिलं. मी हात धरला, पन तिच्या हाताला कळतच न्हवतं. म्हनाली, पोरी, तू कुनाची हायेस मला ठाव न्हाई, पन परक्या बाईचं लई केलंस. तुझ्या आईला माझा निरोप सांग, म्हनावं तुझी लेक लई गुनाची हाय, तुझी कूस धन्य झाली. सांगशील ना?

मी म्हटलं, सांगते.

आता सावेडीला लेकाकडं असते, सुना नातवंडं बरी हायेत, देवानं कशाला कमी केलं न्हाई. पन तेवढा निरोप राहिलाय, ताई. आता वर गेले की सांगीन.